पोर्ट्रेटसाठी प्राइम लेन्स: कंपनीची की बाहेरची?

१९५० साली टोकियोत जुन मिकी या जपानी छायाचित्रकाराने 'लाइफ' मासिकाच्या डेव्हिड डग्लस डंकन यांचा एक फोटो काढला. एका सहकाऱ्याने दुसऱ्याचा सहज काढावा तसं ते साधं पोर्ट्रेट होतं. लेन्स होती 'निप्पॉन कोगाकू' नावाच्या जपानी कंपनीची, ८५ मिलिमीटर, एफ २. प्रिंट हातात आली आणि डंकन चक्रावले. जपानी लेन्स चेहऱ्याचा इतका बारीक तपशील टिपेल असं त्यांना वाटलं नव्हतं. होरेस ब्रिस्टल या छायाचित्रकार मित्राला घेऊन ते थेट त्या कंपनीच्या कारखान्यात गेले आणि आपल्या लायका कॅमेऱ्यांना बसतील अशा तिच्या 'निक्कोर' नावाच्या लेन्स त्यांनी घेतल्या. त्याच वर्षी जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं. डंकन यांनी तिथे काढलेले, जगभर गाजलेले फोटो जर्मन कॅमेऱ्यावर लावलेल्या जपानी लेन्सने टिपलेले आहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर ती 'थर्ड पार्टी' लेन्स होती.

निप्पॉन कोगाकू म्हणजे आजची निकॉन. त्याच्याही मागे गेलं तर १९३६ सालचा 'हान्सा कॅनन' दिसतो. कॅननच्या नावाने बाजारात आलेला हा पहिला कॅमेरा, आणि त्यावर लेन्स होती ५० मिलिमीटर एफ ३.५ निक्कोर. पुढे ज्या दोन कंपन्यांच्या चाहत्यांनी दशकानुदशकं एकमेकांशी वाद घातले, त्यांतल्या एकीचा पहिला कॅमेरा दुसरीच्या लेन्सवर चालला होता.

आज हाच प्रश्न दुकानाच्या काउंटरवर येऊन उभा राहतो. मिररलेस बॉडी घेऊन झालेली असते, सोबत आलेल्या किट झूमवर वर्ष-दोन वर्षं निघालेली असतात, आणि आता चेहऱ्यांचे फोटो नीट यावेत म्हणून एक प्राइम लेन्स हवी असते. समोर दोन खोकी येतात. एकावर बॉडीवरचंच नाव असतं. दुसऱ्यावर सिग्मा, सॅमयांग किंवा विल्ट्रॉक्स. सोबत आलेला मित्र सांगतो, "कंपनीचीच घे, बाहेरची घेऊन पस्तावशील." दुकानदार म्हणतो, "साहेब, काच तीच आहे, निम्म्या पैशात मिळतेय." दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, म्हणूनच गोंधळ वाढतो.

काचेच्या दर्जाचा वाद आता बराचसा मिटला आहे. नावाजलेल्या बाहेरच्या कंपनीची ८५ मिलिमीटर लेन्स चेहरा टिपण्यात कमी पडेल ही भीती सोडून द्यावी. फरक उरला आहे तो तीन ठिकाणी: लेन्स आणि बॉडी एकमेकांशी किती मोकळेपणाने 'बोलतात', आपल्या कॅमेऱ्याचा माउंट कोणता, आणि लेन्स बिघडली तर ती नेऊन द्यायची कुठे. निवड या तीन गोष्टी पाहून करावी, खोक्यावरचं नाव पाहून करू नये.

मित्राची भीती मात्र हवेतून आलेली नाही. डीएसएलआरच्या काळात फोकस मोजणारा सेन्सर आणि फोटो टिपणारा सेन्सर वेगवेगळे असत. आरशातून खाली वळवलेल्या प्रकाशावरून कॅमेरा अंतराचा हिशेब करी आणि लेन्सला "इतकी पुढे सरक" असा हुकूम देई. लेन्स त्या हुकमापेक्षा केसभर कमी-जास्त सरकली तरी डोळ्यावर धरलेला फोकस कानावर जाई. लँडस्केपमध्ये हे लक्षात येत नसे, एफ १.४ वर काढलेल्या चेहऱ्यात लगेच उघडं पडे. त्यात बाहेरच्या कंपन्यांना बॉडीची अंतर्गत भाषा कोणी दिलेली नव्हती. बॉडी आणि लेन्समधले संकेत त्या स्वतः उलगडून घेत. नवी बॉडी आली की कधीकधी जुना अंदाज चुके. २०१३ मध्ये निकॉनची डी ५३०० आली तेव्हा सिग्माच्या काही लेन्सचा ऑटोफोकस तिच्यावर नीट चालेना आणि सिग्माला फर्मवेअर बदलून द्यावं लागलं. लेन्सचा फोकस घरच्या संगणकावर जुळवता यावा म्हणून सिग्माने त्याच सुमारास यूएसबी डॉकही विकायला आणला. ज्यांनी तो काळ पाहिला आहे, त्यांचा सल्ला त्या अनुभवातून येतो.

मिररलेसमध्ये फोटो टिपणारा सेन्सरच फोकस मोजतो. दोन सेन्सरमधल्या तफावतीचा प्रश्नच उरत नाही. शिवाय डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याचं काम बॉडी करते. लेन्सच्या मोटरने फक्त सांगितलेल्या जागी झटकन आणि आवाज न करता जायचं असतं. पोर्ट्रेट काढणाऱ्यांसाठी गेल्या दहा वर्षांत झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे, आणि बाहेरच्या लेन्सना त्याचा फायदा कंपनीच्या लेन्सपेक्षा जास्त झाला.

आता माउंट. इथे सगळी घरं सारखी नाहीत.

सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११ सालीच इतर लेन्स कंपन्यांना खुली केली. त्यामुळे सोनीवाल्यांच्या हातात सगळ्यात जास्त पर्याय आहेत. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एल माउंटसाठी हात मिळवले. तिथे तर सिग्मा बाहेरची राहिलीच नाही. फुजीफिल्मच्या एक्स माउंटसाठी सिग्मा २०२२ मध्ये आली, निकॉनच्या झेडसाठी २०२३ मध्ये. कॅननचं घर मात्र बराच काळ बंद होतं. आरएफ माउंट २०१८ मध्ये आला. त्यावर चालणाऱ्या विल्ट्रॉक्सच्या ऑटोफोकस लेन्सची विक्री २०२२ मध्ये कॅननच्या पेटंटच्या हरकतीवरून थांबली. एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांनी परवान्याने आरएफ लेन्स आणत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्या क्रॉप सेन्सरसाठीच्या होत्या. म्हणजे दोन मित्र एकाच दिवशी एकाच दुकानात गेले, एकाच्या हातात सोनी आणि दुसऱ्याच्या हातात कॅननची फुलफ्रेम बॉडी असेल, तर 'बाहेरची घ्यावी का?' या एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं निघतात. इंटरनेटवरचे सल्ले वाचताना सल्ला देणाऱ्याच्या हातात कोणती बॉडी आहे हे आधी पाहावं.

परवान्याने बनलेली आणि संकेत उलगडून बनवलेली लेन्स यांतला फरकही विचारून घ्यावा. दुसऱ्या प्रकारची लेन्स आज उत्तम चालत असली तरी बॉडीच्या पुढच्या अपडेटनंतर तिलाही अपडेट लागू शकतं. म्हणून अशा लेन्सला अपडेट कसं देतात हे खरेदीआधीच कळायला हवं. विल्ट्रॉक्सच्या बऱ्याच लेन्सना माउंटपाशीच यूएसबी पोर्ट असतो. सिग्माच्या सोनी माउंटवरच्या मिररलेस लेन्स कॅमेऱ्यातूनच अपडेट होतात. जिला अपडेटची कसलीच सोय नाही, तिच्यापासून लांब राहावं.

ॲपर्चरच्या आकड्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच जातात. फुलफ्रेम कॅमेरा, ८५ मिलिमीटर लेन्स, समोरचा माणूस दीड मीटरवर: डोकं आणि खांदे भरून येणारी नेहमीची पोर्ट्रेटची चौकट. या अंतरावर एफ १.२ ला फोकसमध्ये राहणारी जाडी साधारण २१ मिलिमीटर भरते. एफ १.४ ला २५, एफ १.८ ला ३२, एफ २.८ ला ४९. एफ १.२ वर म्हणजे बोटभर जाडी. मान किंचित वळलेली असेल तर जवळचा डोळा धारदार आणि लांबचा विरघळलेला. नवरीचा फोटो असेल तर डोळ्यावर फोकस धरला की नाकातल्या नथीचे मोती पुढच्या बाजूने धूसर व्हायला लागतात, कारण नथ डोळ्याच्या बरीच पुढे असते. नथ आणि डोळे दोन्ही स्वच्छ हवे असतील तर छायाचित्रकार एफ २.८ किंवा एफ ४ वर येतोच, मग लेन्स कितीची का असेना.

एफ १.८ आणि एफ १.४ यांच्यात प्रकाशाचा फरक एका स्टॉपपेक्षाही कमी, सुमारे दोन तृतीयांश स्टॉपचा. आजच्या सेन्सरवर आयएसओ तेवढा वाढवला तर अल्बमच्या पानावर कोणाला कळणार नाही. पार्श्वभूमीच्या धूसरपणात फरक दिसतो, खासकरून कमरेपर्यंतच्या किंवा उभ्या फोटोत, जिथे माणूस लांब असतो आणि पाठीमागचे दिवे, झाडं, मंडप विरघळवणं अवघड होतं. तेवढ्यासाठी एफ १.४ चे जास्तीचे पैसे मोजणं समजण्यासारखं आहे. नुसतं डोकं-खांदे काढणाऱ्याला एफ १.८ पुरून उरते. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत टिपलेली, पुढच्या वर्षी 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी १०५ मिलिमीटरच्या निक्कोर लेन्सने काढलेली आहे, आणि त्या लेन्सचं सगळ्यात मोठं ॲपर्चर एफ २.५ होतं.

आता प्रत्यक्ष लेन्सकडे वळू. किमतींसाठी इथे कंपन्यांनी लेन्स बाजारात आणताना अमेरिकेत जाहीर केलेले आकडे धरले आहेत. भारतातला भाव कर आणि सवलतींप्रमाणे हलत राहतो, पण लेन्सांमधलं प्रमाण साधारण तेच राहतं.

सोनीच्या घरात तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. सोनीची स्वतःची ८५ एफ १.८ ही २०१७ मध्ये आली. वजन ३७१ ग्रॅम. सिग्माची ८५ एफ १.४ 'डीजी डीएन आर्ट' २०२० मध्ये आली, सुमारे ६३० ग्रॅमची, ११९९ डॉलरला. सोनीची ८५ एफ १.४ 'जी मास्टर'ची दुसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली, ६४२ ग्रॅमची, १७९९ डॉलरला. सिग्माच्या आधीच्या, डीएसएलआरसाठीच्या ८५ एफ १.४ चं वजन ११३० ग्रॅम होतं. चार वर्षांत कंपनीने ते जवळजवळ निम्म्यावर आणलं. वजन उतरवताना सिग्माने चौकटीच्या कडा किंचित आत ओढल्या जाण्याचा दोष काचेत राहू दिला आणि तो दूर करण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. चेहऱ्यात तो दिसत नाही. पाठीमागे वाड्याचे खांब किंवा दाराची चौकट असेल तर दुरुस्ती चालू आहे ना, एवढं पाहावं.

सोनीवर पोर्ट्रेटची सुरुवात करणाऱ्याने कंपनीची एफ १.८ घ्यावी, हलकी आहे, वेगवान आहे आणि पुढे विकायला सोपी आहे. एफ १.४ ची खरी गरज पडेल तेव्हा सिग्मा पाहावी. जी मास्टरसाठी दीडपट पैसे मोजण्याचं कारण असलंच तर ते हालचालीच्या कामात आहे. सोनीच्या सगळ्यात वेगवान बॉडी सेकंदाला ३० आणि त्याहून जास्त फ्रेम काढू शकतात, पण बाहेरच्या लेन्सवर तो वेग १५ वर अडतो. पोर्ट्रेट काढणाऱ्याला सेकंदाला १५ फ्रेमही लागत नाहीत. व्हिडिओ करणाऱ्यांनी मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: फोकस बदलताना चौकट आत-बाहेर झाल्यासारखी दिसते, ती स्थिर ठेवण्याची सोनी बॉडीतली सोय कंपनीच्या ठरावीक लेन्सवरच चालते. हल्ली लग्नाच्या कामात फोटो आणि व्हिडिओ एकाच बॉडीवर होतात, तेव्हा हा मुद्दा छोटा नाही.

कॅननच्या फुलफ्रेमवाल्यांपुढे २०२५ पर्यंत दरी होती. एका काठावर आरएफ ८५ एफ २ मॅक्रो: २०२० ची, ५०० ग्रॅम, ५९९ डॉलर. दुसऱ्या काठावर आरएफ ८५ एफ १.२ एल: २०१९ ची, ११९५ ग्रॅम, २६९९ डॉलर. किंमत साडेचारपट. सोनीकडे सिग्मा ज्या मधल्या जागेत बसते, ती जागा इथे तोवर रिकामी होती.

एफ २ मॅक्रोचं कौतुक जितकं व्हायला हवं तितकं होत नाही. ती ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि वस्तू निम्म्या आकाराची सेन्सरवर उतरवते. म्हणजे नवरीचा चेहरा काढून झाला की लेन्स न बदलता मेंदीची वेल, अंगठी, मुंडावळ्यांचे मणी काढता येतात. बहुतेक ८५ मिलिमीटर प्राइम ८० सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाहीत. तिची कमजोरी फोकसच्या वेगात आहे. मंगलाष्टकं संपून अंतरपाट खाली येतो, चहूबाजूंनी अक्षता पडत असतात, नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर तो एक क्षण असतो, आणि लेन्स फोकस शोधत पुढे-मागे सरकत राहिली तर तो क्षण जातो. शांत बसलेल्या माणसाचं पोर्ट्रेट, स्टुडिओ, घरगुती फोटो यांसाठी ती उत्तम आहे. पूर्ण लग्न तिच्या एकटीच्या भरवशावर घेऊ नये.

मधला मार्ग आहे तो ॲडॅप्टरचा. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये लेन्सच्या कड्यापासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर असतं, आरएफमध्ये २०. मधले २४ मिलिमीटर भरून काढणाऱ्या कॅननच्या ॲडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे प्रतिमेचा दर्जा घसरत नाही आणि ऑटोफोकस चालू राहतो. १९९२ पासून विकली गेलेली ईएफ ८५ एफ १.८ सेकंडहँड बाजारात भरपूर मिळते. ४२५ ग्रॅमची ही लेन्स झटपट फोकस करते. सिग्माची जुनी ११३० ग्रॅमची ८५ एफ १.४ सुद्धा याच वाटेने वापरता येते. ॲडॅप्टरचं वजन वर धरून ती दिवसभर हातात पेलवेल का, हे एकदा लावून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

निकॉनच्या झेड माउंटवर फार शोधाशोध करण्याची गरज नाही. निकॉनची स्वतःची झेड ८५ एफ १.८ एस ही २०१९ मध्ये आलेली, ४७० ग्रॅमची लेन्स ७९९ डॉलरच्या घरात होती, आणि ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवूनही ती इतकी नितळ प्रतिमा देते की थोडे पैसे वाचवण्यासाठी बाहेरची घ्यावी असं सांगवत नाही. एफ १.२ एस ११६० ग्रॅमची आणि २७९९ डॉलरची आहे. ती विकत घेण्याआधी वर्षाला किती कामं येतात हे मोजावं. निकॉनचे जुने डीएसएलआरवाले घरातल्या एएफ-डी लेन्स एफटीझेड ॲडॅप्टरवर लावायला जातात; त्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, म्हणून तिथे फोकस हाताने करावा लागतो. एएफ-एस ८५ एफ १.८ जी असेल तर ती ॲडॅप्टरवर व्यवस्थित ऑटोफोकस करते आणि नवी लेन्स काही वर्षं लांबणीवर टाकता येते.

क्रॉप सेन्सरवाल्यांचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, आणि महाराष्ट्रातले बरेच हौशी लोक याच गटातले आहेत. दीडपट क्रॉपवर ५६ मिलिमीटर म्हणजे चौकटीच्या हिशेबाने ८४. सिग्माची ५६ एफ १.४ ही २०१८ मध्ये आलेली लेन्स अवघी २८० ग्रॅमची आहे, आणि आता सोनी, फुजीफिल्म, निकॉन, कॅनन अशा चारही घरांसाठी तिची आवृत्ती आहे. क्रॉप बॉडीवर बाहेरची लेन्स घ्यावी याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. बऱ्याच कॅमेरा कंपन्यांनी क्रॉप सेन्सरसाठी खास पोर्ट्रेट प्राइम बनवण्याकडे दुर्लक्षच केलं. फुजीफिल्म त्याला अपवाद. तिची एक्सएफ ५६ एफ १.२ डब्ल्यूआर २०२२ मध्ये ९९९ डॉलरला आली, ४४५ ग्रॅमची आहे आणि हवामानापासून बंदिस्त आहे. विल्ट्रॉक्सने याच माउंटसाठी ७५ एफ १.२ काढली, ५४९ डॉलरला. तिची प्रतिमा पाहून अनेक जुन्या फुजीवाल्यांनी मत बदललं, पण ६७० ग्रॅम वजन छोट्या फुजी बॉडीवर पुढच्या बाजूला झुकतं, आणि ७५ मिलिमीटर म्हणजे फुलफ्रेमच्या भाषेत जवळपास ११२. तेवढं मागे सरकायला जागा लागते.

जागेचा हा मुद्दा मुंबई-ठाण्याच्या घरांत फार लवकर आडवा येतो. फुलफ्रेमवर ८५ मिलिमीटर लावून, कॅमेरा उभा धरून, उंच माणूस डोक्यापासून पायापर्यंत थोडी मोकळी जागा ठेवून घ्यायचा, तर कॅमेरा सुमारे ४.७ मीटर, म्हणजे पंधरा फुटांवर न्यावा लागतो. ५० मिलिमीटरला २.८ मीटर, नऊ फूट. दहा बाय बाराच्या खोलीत ८५ ने चेहरा आणि खांदे छान येतात. पूर्ण माणूस येत नाही. ज्याचं काम मुख्यतः घरात, तिसऱ्या महिन्याची चोरओटी किंवा बारशासारख्या प्रसंगांचं, त्याने ८५ च्या नादी लागण्याआधी ५० मिलिमीटर एफ १.८ पाहावी. कॅननची आरएफ ५० एफ १.८ जेमतेम १६० ग्रॅमची आहे आणि कंपनीच्या लेन्समध्ये सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक आहे. इतक्या स्वस्त लेन्सपुढे बाहेरचा पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये.

दुकानात लेन्स तपासायची ती आपल्याच बॉडीवर, आपल्याच कार्डात फोटो काढून, आणि मॉनिटरवर शंभर टक्के मोठं करून. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवावं. पहिला फोटो काउंटरपलीकडच्या माणसाच्या डोळ्याचा, चौकटीच्या मध्यभागी. दुसरा तोच डोळा चौकटीच्या वरच्या कोपऱ्याजवळ. तिसरा त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात. एक कोपरा स्वच्छ आणि दुसरा मऊ आला तर त्या नगाची एखादी काच तिरकी बसली आहे. तोच मॉडेल दुसऱ्या खोक्यातून मागावा. मग एखादा चमकदार धातू किंवा शक्य असेल तर जरीचं कापड प्रकाशात धरून फोकसच्या थोडं पुढे-मागे फोटो घ्यावेत. पैठणीच्या काठावरची जर, नथीचे मोती, ठुशीचे मणी यांच्या चमकत्या कडांना फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी झालर दिसते का ते पाहावं. स्वस्त, मोठ्या ॲपर्चरच्या लेन्स इथेच उघड्या पडतात. हा दोष फोटोतून काढता येतो, पण तीनशे फोटोंच्या अल्बममध्ये प्रत्येक दागिन्याभोवतीची झालर पुसत बसायचं म्हटलं तर लेन्सवर वाचवलेले पैसे एडिटिंगच्या मजुरीत निघून जातात.

रंगाचंही तसंच. कंपनी बदलली की लेन्सच्या कोटिंगनुसार रंगछटा किंचित उबदार किंवा थंड होते. एकच लेन्स वापरणाऱ्याला काही फरक पडत नाही. दोन बॉडी खांद्याला लावून काम करणाऱ्याने, एकीवर कंपनीची झूम आणि दुसरीवर बाहेरची प्राइम असेल तर, दोन्हींनी एकाच प्रकाशात एकाच माणसाचा फोटो काढून ठेवावा आणि त्यावरून व्हाइट बॅलन्स जुळवून घ्यावा. त्वचेचा रंग मात्र लेन्सपेक्षा बॉडीची प्रोफाइल आणि व्हाइट बॅलन्स यांवरच जास्त ठरतो; 'अमुक कंपनीच्या लेन्सला स्किन टोन चांगला' हे बोलणं फार मनावर घेऊ नये. जेपेग थेट देणाऱ्यांनी एवढं तपासावं की कडांचा काळोख आणि वाकलेल्या रेषा दुरुस्त करण्याची बॉडीतली सोय बाहेरच्या लेन्सवर चालते का. कंपनीच्या लेन्सवर ती चालतेच; बाहेरच्यांपैकी काहींवर चालते, काहींवर नाही.

'बाहेरची' म्हणजे 'स्वस्त' असंही नाही. झाइसची ८५ मिलिमीटर ओटस २०१४ मध्ये आली तेव्हा ती कॅनन-निकॉनच्या कुठल्याही ८५ पेक्षा कितीतरी महाग होती, आणि तिच्यात ऑटोफोकसही नव्हता.

बिलाचा विषय रूक्ष वाटतो, तरी तो टाळू नये. ग्रे मार्केटमधली लेन्स काही हजारांनी स्वस्त पडते. तिला भारतातल्या अधिकृत वितरकाची वॉरंटी नसते. जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्यावा, आणि तो खोक्यावर, वॉरंटी कार्डावर आणि लेन्सवर सारखाच आहे हे काउंटरवरच पाहावं. बाहेरची लेन्स घेताना एक जास्तीचा प्रश्न विचारावा: दुरुस्तीला दिली तर ती कुठल्या शहरात जाते आणि साधारण किती दिवसांनी परत येते? मोठ्या कॅमेरा कंपन्यांची सर्व्हिस मुंबई-पुण्यात सहज मिळते. काही बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स दुसऱ्या राज्यात पाठवाव्या लागतात, सुटे भाग बाहेरून येईपर्यंत थांबावं लागतं. चंद्रपूर किंवा सावंतवाडीतल्या छायाचित्रकाराला कोणतीही लेन्स शेवटी पार्सलनेच पाठवायची असते, त्याच्यासाठी हा फरक कमी होतो. पुण्यात राहून महिन्याला आठ लग्नं करणाऱ्यासाठी तो खूप मोठा आहे.

कोकणात आणि मुंबईत लेन्सचा खरा शत्रू पावसाळा आहे. चार महिने दमट हवेत कातडी पाउचमध्ये बंद राहिलेल्या लेन्सच्या आत बुरशीचे धागे पसरतात, आणि त्यांना खोक्यावरच्या नावाशी काही देणंघेणं नसतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असं कपाट घेणं परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर एवढ्यावर काम भागतं. जेलचा रंग बदलला की ती गरम करून पुन्हा कोरडी करावी. लेन्स आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरावी. पडून राहिलेल्या लेन्सलाच बुरशी लवकर धरते. माउंटपाशी रबरी कडं असलेली लेन्स पावसाच्या शिंतोड्यांत जास्त तग धरते. कंपन्यांच्या स्वस्त प्राइममध्ये हे कडं बरेचदा नसतं, तर सिग्माच्या ८५ आर्टसारख्या बाहेरच्या लेन्समध्ये असतं. श्रावणात माळशेज किंवा आंबोलीला प्री-वेडिंग करणाऱ्यांनी एवढं एक कडं पाहून निर्णय फिरवला तरी चालेल.

सेकंडहँडमध्ये कंपनीची लेन्स जास्त किंमत राखते, हे दोन्ही बाजूंनी वापरून घ्यावं. दोन वर्षांनी बदलायची असेल तर कंपनीची नवी घ्यावी. दहा वर्षं वापरायची असेल तर बाहेरची सेकंडहँड घ्यावी, कारण तिच्या किमतीतली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. घेताना मागून मोबाईलचा टॉर्च लावून पुढून तिरकं पाहावं. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती लेन्स तिथेच ठेवावी. ॲपर्चर एफ ८ वर ठेवून डोळ्यावर सलग वीस फोटो काढावेत आणि उघडझाप एकसारखी होते का पाहावी. फोकस अगदी जवळून अगदी लांब नेताना मोटर अडखळते का, खरखरते का, हे कान देऊन ऐकावं.

आणि एवढं करूनही मन ठरत नसेल, तर दोन्ही लेन्स एका दिवसासाठी भाड्याने आणून एकाच माणसाचे, एकाच खिडकीपाशी फोटो काढावेत. लग्नसराईत भाड्याच्या ८५ एफ १.४ आधीच बुक झालेल्या असतात. चातुर्मासात लग्नं थांबतात तेव्हा त्या सहज मिळतात, दुकानदारालाही दोन प्रश्नांची उत्तरं द्यायला वेळ असतो, आणि नवरात्राच्या कामांआधी खरेदीचा निर्णय घ्यायला पुरेसे दिवस हातात राहतात.